तारीखवार लावलेलं कपाट

"थांबा. आधी गाठ बघूया."

कुठलाही रुमाल टेबलावर आला की ती हेच म्हणायची. रुमाल म्हणजे जुनी कागदपत्रं बांधून ठेवायचं मोठं चौकोनी कापड. आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत असे सतरा रुमाल होते. गाठ दिसली की तुम्ही-आम्ही ती सोडतो. ती दोन्ही हात पाठीमागे धरून टेबलाभोवती फेरी मारायची, आंब्याच्या पेटीभोवती चोखंदळ गिऱ्हाईक मारतं तशी. एकदा म्हणाली, "ही बांधणारा डावखुरा होता."

"त्याने काय फरक पडतो?" मी विचारलं.

"आज नाय पडत ओ भाऊ. पण एकदा सोडली की परत सांगणार कोण?"

ती जुनी दप्तरं सांभाळायची पदविका करत होती. वय एकोणचाळीस. माहेर मंडणगडकडचं, राहायला हातखंब्याला भावाकडे, नवरा मुंबईत एका गोदामात कामाला. अभ्यासक्रमासाठी एकशेवीस तासांचं प्रत्यक्ष काम दाखवावं लागे, म्हणून ती आमच्याकडे आली. मी वाचनालयाचा मानद चिटणीस. पोटासाठी एका कचेरीत पावसाचे आणि पिकांचे आकडे जुळवतो. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते.

"वर्गातली सगळी पोरं माझ्या भाच्याच्या वयाची," ती सांगायची. "पहिल्या दिवशी मला शिपाईण समजले. एकाने पाणी मागितलं."

"मग?"

"दिलं की. तहान लागली होती त्याला."

खोलीत तिचे नियम चालत. डबा बाहेर पायरीवर खायचा. हात धुतल्यावर पुसायचे नाहीत, शंभर मोजेपर्यंत हवेत वाळवायचे. मी मनातल्या मनात बरोबर मोजत असे. ती साठाच्या पुढे क्वचित जायची. पेन आत न्यायचं नाही, पेन्सिलच. दाराशी तिने लोणच्याची रिकामी बरणी ठेवली होती, आत येणाऱ्याने पेन तिच्यात टाकायचं. बरणीत सगळ्यात जास्त वेळा माझंच पेन सापडे. "चिटणीसांचं पेन जप्त," असं ती मोठ्याने जाहीर करी, आणि बाहेर वर्तमानपत्र वाचणारे म्हातारे खूश होत.

ते कागद एका पेढीचे होते. पेढीची गलबतं पूर्वी किनाऱ्याने मालवाहतूक करत. पेढीवाल्यांच्या घरच्यांनी माळा रिकामा करताना सगळं आम्हाला आणून दिलं होतं. पाच रुमाल तपासून झाल्यावर एके दिवशी ती मला जवळजवळ ओढतच आत घेऊन गेली.

"भाऊ, पेढीचा कारकून तारीखवार बांधतच नव्हता. फेरीवार बांधत होता. एक गलबत निघालं आणि परत आलं, तेवढ्या काळातले सगळे कागद एकाखाली एक. हे बघा, काथ्याची पावती. ही गलबताच्या तांडेलाची चिठ्ठी. आणि मधे हे."

मधल्या चिठ्ठीवर ना नाव होतं, ना तारीख. 'मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. कौलं अजून आली नाहीत.'

"वर काय आहे, खाली काय आहे, त्यावरून कळतं की ही कुणाला गेली. हा कागद इथून हलवला की ती मुलगी कुणाचीच नाय."

मी मान हलवली. हे तिने मला सांगितलं होतं, ही गोष्ट मी लपवणार नाही. मान हलवली, पण माझं लक्ष कौलांकडे होतं.

त्याच सुमारास संधी आली. मुंबईच्या एका मोठ्या दप्तरखान्यात सहा महिन्यांची उमेदवारी होती. कागद दुरुस्त करायला, यादी करायला तिथे हाताला धरून शिकवत. ज्याने ती केली त्याला पुढे काम मिळतंच, असं सगळे म्हणत. तिच्या वर्गाला जागा एकच. एखादा संग्रह सापडला त्या क्रमात नोंदवून दाखवायचा, तो बघून दप्तरखान्यातले सर निवड करणार. वयाची अट चाळिशीच्या आतली. म्हणजे तिला ही पहिलीच वेळ आणि शेवटचीही.

"लग्नाला अठरा वर्षं झाली," ती एकदा पायरीवर डबा उघडता उघडता म्हणाली. "सलग एकत्र राहिलो ते एकदाच, एकेचाळीस दिवस. ते पण ह्यांचा पाय मोडला म्हणून. आता ह्यांनी खोली बघून ठेवलीय." मग डब्यात बघून म्हणाली, "ह्या वेळी पाय न मोडता जमलं तर बरं."

सर मंगळवारी येणार होते. त्याआधी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं आणि तिला चार दिवस मंडणगडला जावं लागलं. बारा रुमाल राहिले होते. जाताना तिने फक्त एवढंच सांगितलं, "खोली बंदच असू दे."

शनिवारी मी खोली उघडली. हेतू मदतीचा होता, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते वाक्य झिजलं आहे. बाई एकटी, दिवस कमी, बारा रुमाल. आकड्यांच्या माणसाला विस्कटलेलं बघवत नाही. बायको म्हणालीसुद्धा, "अहो, तिने बंद ठेवायला सांगितलंय ना? मग तुमची बोटं का शिवशिवतायत?" मी म्हटलं, "तुला त्यातलं कळत नाही." मला तरी कुठे कळत होतं!

शनिवार, रविवार मिळून एकोणीस तास बसलो. बाराही रुमाल सोडले. एकूण एक कागद तारखेप्रमाणे लावला, कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा घातला. नियम म्हणून पेन्सिलच. तारीख नसलेले दोनशे चौदा कागद निघाले. त्यांचा वेगळा रुमाल बांधला. सतराचे अठरा झाले. घरी जाताना मला फार समाधान वाटत होतं.

मंगळवारी ती सकाळच्या एसटीने उतरून पिशवीसकट थेट वाचनालयात आली. मी दार उघडून बाजूला उभा राहिलो, शाबासकीची वाट बघत. ती शेवटच्या रुमालापाशी थांबली. त्यावर मी चिठ्ठी लावली होती, 'तारीख नसलेले'. ती वाचून तिने मागचे रुमाल एकेक करून बघितले.

"सगळे बारा?" एवढंच विचारलं.

तिच्या चेहऱ्याकडे बघताना ती मुलीची चिठ्ठी मला आठवली, आणि मी काय केलं ते त्या क्षणी कळलं. पण बोलायला दहा मिनिटंही मिळाली नाहीत. सर आले. त्यांनी तिची पाच रुमालांची नोंद वाचली आणि मान डोलावली. मग पुढचे उघडले. एक, दोन, तीन. चष्मा काढला.

"हे कुणी लावलं?"

मी त्यांच्यापासून तीन हातांवर होतो. कचेरीत दशांशाची चूक झाली तरी मी उठून सांगणारा माणूस. चाळीस वेळा सांगितली असेल. त्या दिवशी मुंबईच्या माणसापुढे अडाणी ठरायची भीती वाटली, अध्यक्षांच्या कानावर जाईल असंही वाटलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

ती म्हणाली, "संग्रह माझ्या देखरेखीखाली होता, सर."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. चहा न घेता ते गेले.

जागा दुसऱ्याला मिळाली. मोबाईलवर यादी आली तेव्हा ती टेबलाशी बसून नोंदी करत होती. बघितली, मोबाईल पालथा ठेवला आणि पुढची ओळ लिहिली.

"मी सरांना पत्र लिहितो. सगळं खरं लिहितो," मी म्हणालो.

"लिहा."

"त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेतलं असतं तर तुमच्या कमिटीने ह्या खोलीला कुलूप घातलं असतं. विद्यार्थी नकोत म्हणाले असते. पुढच्या वर्षी आमच्या कोर्सच्या दोघीजणी यायच्या आहेत. जिल्ह्यात शिकायला अशा खोल्या आहेत किती, भाऊ?"

मला आकडा माहीत होता.

"राग नाही आला?"

"आला तर! अजून आहे." तिने फॉर्म पुढे सरकवला. "एकशेवीस तास. सही करा."

माझ्या नोंदीप्रमाणे तिचे एकशे त्र्याहत्तर भरत होते. फॉर्मवर एकशेवीसच छापलेले होते. मी सही केली.

पत्र लिहिलं, दोन पानं. उत्तर चार ओळींचं आलं: प्रामाणिकपणाबद्दल आभार, यादी बदलता येत नाही. कमिटीच्या सभेतही मी बोललो. एक सभासद म्हणाले, "एवढंच ना? उलट नीटच केलंत की." इतिवृत्तात ते घेतलंही नाही.

ती पदविका पास झाली. आता सावर्ड्याजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात दाखले लिहून देते. नवऱ्याने बघितलेली खोली दुसऱ्या कुणी घेतली. मागून त्या दोघी आल्या, आणि त्यांच्यातल्या एकीला पुढे मुंबईची ती जागा मिळाली. ही बातमी तिला फोनवर मीच दिली. "बरं झालं," ती म्हणाली. त्यानंतर मी फोन केलेला नाही. तिचाही आलेला नाही.

वाचनालयात पाहुणे येतात. मी त्यांना मागची खोली दाखवतो. कपाट उघडलं की बहुतेक सगळे एकच बोलतात. "वा! केवढं व्यवस्थित! कुणी केलं हो हे?"

मी ताबडतोब सांगतो, "मी केलं."

ते माझी पाठ थोपटतात.