पंचफुलाचा उजवा अंगठा

इंझोरीत माह्या जाऊवानी सांबाराच्या, म्हंजे कोथिंबिरीच्या, जुड्या कोनी बांधे नाई. पंचफुला तिचं नाव. उजव्या हातानं चार काड्या उचलल्या का वाखाची गाठ पडलीच. भाजीच्या वाडीवर आमचं घर चाले, अन् कारंजाच्या बाजारात गिऱ्हाईक तिचीच जुडी मांगे.

त्रेपन साली तिच्या बोटाले मुंग्या याले लागल्या. गाठ सुटे, तव्यावरची भाकर हातात घेतली तरी चटका समजे नाई. सासूनं बिब्बा लावला, फोडच आले. मंग माहे भासरे उत्तमराव, म्हंजे तिचे मालक, तिले अकोल्याले घेऊन गेले. डाक्टर म्हने, "मनगटात शीर दाबली. महिन्याच्या आत नागपूरले जाऊन मोकयी करून घ्या. बांगड्या उतरवा लागतीन."

घरी आली तशी म्याच बोलली, "अव बाई, मालक धडधाकट असून भुंडा हात करता काय? लोक काय म्हनतीन?" डावा हात तर भरलेलाच राह्यला असता! पन मले अक्कल पाह्यजे ना! अन् खरं सांगू? ती दवाखान्यात पडली तर सारं निंदन माह्या बोकांडी येईन, हेबी मनात होतं. ती गेली नाई.

दोन वरसं गेली. अंगठ्याखालचं मांस बसलं, तवा भासऱ्यानं कोनाचं न आयकता तिले नागपूरले नेलं. मी संग होती. शीर मोकयी झाली. तिथला डाक्टर म्हने, "हात उंच ठेवा, बोटं हलवत राहा, पाणी उपसू नका. शीर जितकी जास्त दिवस दाबून राहिली, तितकी उशिरा जागते. कधी जागतही नाही."

तवापासून निंदन, भाकरी, ओझं, सारं माह्याच कमरेवर. थकली का माहं तोंड सुटे, "जपा बाप्पा, तयहाताच्या फोडावानी जपा!" ती आयकून घे. बसल्या बसल्या एकेक बोट अंगठ्याले टेकवाले पाहे. एक दिवस म्हने, "सीते, इथं चुनचुन करून राह्यलं वं!" मी खुरपं टाकून धावली. अंगठ्याजवयचं बोट होतं. आमी दोघी रडलो. दुसरी बोटंबी हयूहयू जागली. अंगठा नाई.

सहा महिन्यानं तपासाले गेलो. डाक्टरानं तिले डोये मिटाले लावून टाचनी टोचली. "हाओ," ती म्हने. "हाओ." मंग अंगठ्यावर टोचली. ती चूप. अजून टोचली, रगताचा ठिपका आला. ती डोये मिटून वाटच पाहून राह्यली.

डाक्टर चिडला. "आता अंगठ्याची आशा नाही. पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच आल्या असत्या तर पूर्ण हात मिळाला असता. का थांबल्या? कोणी अडवलं?"

मी तिच्या बाजूलेच उभी.

पंचफुलानं डोये उघडले. माह्याकडे पाह्यलंबी नाई.

"कोनं नाई, सायेब," ती म्हने. "मीच भेली."