मर्मर आणि मापाचं झंपर

इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला शब्दांची भीती वाटून कसं चालेल? मी औरंगाबादेत मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. एखादा शब्द अडला तर फळ्याकडं पाठ करायची, मुलींनाच दरडावून विचारायचं, "सांगा बरं कोण सांगतंय," आणि सुटायचं. असं माझं तीन वर्षं मजेत चाललं होतं. मग एका दुपारी डॉक्टरांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या छातीला नळी लावली आणि कंपाउंडरला म्हणाले, "पंखा बंद कर."

तिला नुसता ताप होता हो. चार दिवस उतरत नव्हता म्हणून आई आणि मी तिला घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी पुढून ऐकलं, पाठीकडून ऐकलं, डाव्या कुशीवर निजवून ऐकलं, श्वास धरायला सांगून पुन्हा ऐकलं. एवढा वेळ नळी लावलेली मी कधी पाहिली नव्हती. शेवटी नळी कानातून काढत ते म्हणाले, "मर्मर आहे."

"लहानपणी हिचे गुडघे सुजायचे का?" त्यांनी आईला विचारलं.

"नाय," आई म्हणाली.

मी आईकडं बघतच राहिले. एक अख्खा हिवाळा धाकटीला जिना उतरवत नव्हता, अण्णा तिला कडेवर घेऊन खाली आणायचे. पण तिच्या लग्नाला बावीस दिवस उरले होते आणि कुणी मुलीच्या तब्येतीचं विचारलं की आईच्या तोंडून आपोआप नाय निघायचं. मीच मग म्हणाले, "सुजायचे." डॉक्टरांनी मान हलवली, सांध्यांची तसली सूज पुढं काळजाला लागू शकते म्हणाले, मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या नावानं इंग्रजीत चिठ्ठी लिहिली आणि बजावलं, "आठ दिवसांच्या आत दाखवा. हयगय करू नका." सबंध रस्ताभर आई धाकटीचा हात धरून माझ्यापुढं चार पावलं चालत होती.

घरी अण्णा वाट बघत होते. आमचे वडील कोर्टात कारकून. शिकले सगळं उर्दूत. पोलिस ॲक्शननंतर कचेरीची भाषा बदलली तेव्हा तिशी उलटल्यावर बिचारे मराठीत टिपणं लिहायला शिकले. इंग्रजीचा मात्र सगळा भार माझ्यावर. चिठ्ठी हातात घेऊन म्हणाले, "मायने काय याचे? किताब काढ."

किताब म्हणजे माझी जाडजूड डिक्शनरी. मी पान काढलं. पहिला अर्थ होता, हलका, सलग, नीट उमजू न येणारा आवाज. मधमाश्यांचा, ओढ्याचा, लांबच्या गर्दीचा. दुसरा, तोंडातल्या तोंडात पुटपुटणं, कुरकुर करणं. त्यावरूनच इंग्रजीत म्हणतात की अमक्यानं मर्मर न करता काम केलं, म्हणजे हूं की चूं न करता केलं. हे वाक्य मी आठवीला दर वर्षी फळ्यावर लिहून द्यायचे. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात तिसरा अर्थ. काळजाच्या ठोक्यांमध्ये ऐकू येणारा जास्तीचा आवाज, जो काही वेळा रोगाची खूण असतो.

काही वेळा! म्हणजे आमच्या वेळी आहे का नाही, ते लिहिणाऱ्याला कुठं ठाऊक.

"आला कुठून हा लफ्ज?" अण्णांनी विचारलं. कोर्टात राहून त्यांना प्रत्येक गोष्टीचं मूळ काढायची खोड. लॅटिनमधून आला होता, तिथंही तो असाच होता. कुणी घडवलेलाच नव्हता तो, आवाज कानावर पडला तसा तोंडात बसला. आपले कुजबुज, कुरकुर, गुणगुण बसले तसाच. मग मला आमच्या संस्कृतच्या बाई आठवल्या. वाळल्या पानांच्या आणि नव्या कापडाच्या सळसळीला त्या मर्मरच म्हणायच्या. मी हे सांगितलं तर अण्णांचा चेहरा जरा सैल झाला.

"म्हणजे आपलाच की," ते म्हणाले.

"आपला असला म्हणून काय झालं, अण्णा?" मी केवढ्यानं ओरडले. "पाहुणा आलाय का तो?" मला लगेच वाईट वाटलं, पण माझा स्वभाव असा की वाईट वाटलेलं बोलून दाखवायला अर्धा दिवस लागतो.

संध्याकाळी आईनं निकाल दिला. "लगीन झाल्यावर दाखवू. दवाखान्यात निम्मा कन्नड तालुका बसलेला असतो. कुणी पाहिलं तर देवगावला सांज व्हायच्या आत कळंल. पोरीचं लगीन मोडलं तर तू करणार हाईस का तिच्याशी?" मुलाकडचे त्याच तालुक्यातल्या देवगाव रंगारीचे, घरची शेती, मुलगा खुलताबादला पोस्टात. साखरपुडा झालेला. आईचं बोलणं ऐकून मी तावातावानं उठले, आणि उठून काय केलं? चिठ्ठी डिक्शनरीत ठेवली, मर्मरच्याच पानात, आणि डिक्शनरी कपाटात घातली. मी शिकलेली बाई. डॉक्टरांचं बोलणं मला आईपेक्षा जास्त कळलं होतं. तरी मी गप्प बसले. कारण मलाही लग्न मोडायची भीती वाटत होती. माझं एकदा मोडलं होतं, तेव्हाचं आईचं तोंड मी पाहिलं होतं.

धाकटीला कुणी काही विचारलंच नाही. ती पलंगावर बसून सगळं ऐकत होती.

त्या दिवसापासून घरात तो शब्द बंद झाला. आई त्याला "ते" म्हणायची. ताप उतरला होता, पण धाकटी पाण्याची कळशी उचलून आली की मी तिच्या ओढणीकडं बघायचे, किती जोरात हलतेय. पापड लाटता लाटता ती थांबली की पुन्हा लाटायला लागेपर्यंत मी आकडे मोजायचे. शाळेत मुली मागच्या बाकावर कुजबुजायला लागल्या की मी पूर्वी इंग्रजीत दटावायचे, मर्मर करू नका म्हणून. आता तो शब्द ओठांपर्यंत आला की मी डस्टर आपटायचे. रोज घरी आले की आधी डिक्शनरी उघडायचे. चिठ्ठी आहे ना, बघायचे. का बघायचे, देव जाणे. दिवस मात्र बोटांवर मोजत होते. पाच झाले. सहा झाले.

सहाव्या दिवशी मुलाचे चुलते बाजाराला आले होते, ते घरी येऊन गेले. आमच्यात लग्नाच्या साड्यांवरची झंपरं मुलाकडून शिवून येतात, त्यासाठी मुलीचं एक अंगाला बसणारं जुनं झंपर मापाला द्यावं लागतं. आईनं ते हळदकुंकू लावून कपड्यात बांधून ठेवलेलं होतं. चहा पिऊन, बोचकं काखेत मारून ते एसटीनं गेले.

सातव्या दिवशी मी डिक्शनरी उघडली तर पान रिकामं.

मी सगळी डिक्शनरी झटकली. कपाट उपसलं. अण्णांना विचारलं, आईवर तर खेकसलेच, "फाडलीस ना? फाडलीस ना तू?" आई शपथा घ्यायला लागली. तेव्हा धाकटी पापडाच्या लाट्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, उगं आईला बोलू नको. मी घातली. मापाच्या झंपरात."

आई दाराकडं धावली, जणू एसटी अजून उभीच आहे.

"अगं सटवे, काय केलंस हे!" मी म्हणाले.

"नांदायचं मला हाय," धाकटी म्हणाली. "तिथं जाऊन पाण्याची घागर उचलताना पडले म्हणजे मग सांगणार व्हता का? तुम्ही सगळ्यांनी त्या शब्दाचं मूळ काढलं. मला कुणी इचारलं, तुला दम लागतो का म्हणून? लागतो. लई लागतो."

आयुष्यात पहिल्यांदा ती एवढं बोलली होती. मी तिच्याजवळ बसले आणि लाट्या करायला घेतल्या. तिच्या हातातलं काम तेवढं कमी केलं.

पुढचे चार दिवस कसे काढले विचारू नका. डॉक्टरांनी दिलेले आठ दिवसही त्यातच उलटले. देवगावात इंग्रजी कुणाला वाचता येत असेल, याचा मी हिशेब करायचे. शाळेचे हेडमास्तर, दवाखान्यातला कंपाउंडर. आणि मुलगा तर पोस्टातच, त्याला न यायला काय झालं! कडी वाजली की आई देवापुढं जाऊन उभी राहायची. दूधवाला आला तरी.

पाचव्या दिवशी दुपारी मुलाची आई आली. सोबत मुलगा. तिच्या हातात तेच कपड्याचं बोचकं. तिनं गाठ सोडली तर सगळ्यात वर मापाचं झंपर, घडी घातलेलं, आणि त्यावर चिठ्ठी. माप परत आलं म्हणजे सोयरीक परत आली, असंच आईला वाटलं. तिनं पदर तोंडाला लावला. अण्णा उठून उभे राहिले, कोर्टात न्यायाधीश आल्यावर उठायचे तसे.

"बसा की वो," मुलाची आई म्हणाली. "पोरानं वाचली चिठ्ठी. खुलताबादच्या डॉक्टरला इचारून आला. औषध हाय म्हणतो, पण दवाखान्यात नेलं पायजे. आठ दिवसांचं लिवलंय, अन् तुम्ही अजून बसलात? उद्या जाऊ. मी येते संगं. लगनाच्या तारखेचं मागून बघू." मुलगा दाराशी उभा होता, खाली बघत. धाकटी आतल्या दाराशी, तीही खाली बघत.

आई काहीतरी सांगायला लागली, चुकलं, झाकायचं नव्हतं, असं काहीबाही. मुलाच्या आईनं ते ऐकून घेतलंच नाही. तिनं मापाच्या झंपराखालून तीन नवी झंपरं काढली. तिन्ही शिवून झाली होती. नव्या कापडाचा आवाज झाला. तो आवाज ऐकून अण्णांनी माझ्याकडं पाहिलं.

तिनं एक झंपर उलटं केलं आणि शिवण आईच्या बोटांखाली धरली.

"मापाचं लई बारीक व्हतं," ती म्हणाली. "शिंप्याला सांगून आत दोन दोन बोटं कापड दाबून ठेवलंय. औषधानं अंग धरलं पोरीनं, तर उसवायला येईल."

ती शिवण पुढं धाकटी माहेरपणाला आली तेव्हा मीच उसवली. एकदा नव्हे, दोनदा.