तांब्याची दोरी

आमच्या गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी अस्सल तांब्याची आहे. आमच्या सबंध पर्वत पाटिया वस्तीत असा थाट दुसऱ्या कोणाचा नसेल!

मूळची ती माझ्या हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संचाची, अँटेना. परवान्याची परीक्षा मी पास झालो, तेव्हा धुळ्याचे माझे साडू प्रकाशराव (जुने हॅम, आणि त्याहून जुने शहाणे) सगळ्या सासुरवाडीदेखत म्हणाले, "अँटेना विकतच घ्या. तुमच्याच्यानं नाही बनायची." झालं! रविवारी सकाळी दहाला माझ्या हातच्या तारेवरून धुळ्याशी बोलेन, असं मी तिथंच जाहीर केलं. नाही जमलं तर सासरची प्रत्येक पंगत खाली मान घालून जेवायची होती.

काम सोपं होतं. दहा-दहा मीटर तारेचे दोन तुकडे, मधोमध केबल, दोन टोकांना दोन बांबू. मोजण्याची तर काळजीच नव्हती. पंचवीस वर्षं साडीमार्केटात कापड मोजतोय!

रविवारी पावणेदहाला रेडिओ लावला, तर मीटरचा काटा लाल पट्ट्यात. म्हणजे अँटेना आवाज बाहेर सोडतच नव्हती. धावत गच्चीवर गेलो. तारेवर बायकोच्या तीन ओल्या, जरीकाठाच्या साड्या! मी गच्ची डोक्यावर घेतली. जरी कशी रेडिओच्या लहरी गिळते, ते विज्ञान तिला ऐकवलं (शेजारच्या जशुबेननीही ऐकलं).

"तुम्हना रेडिओनं अन् मन्ही साडीनं काय भांडण शे?" एवढंच म्हणून तिनं साड्या काढल्या.

काटा जागचा हलला नाही. घसा बसेपर्यंत मी धुळ्याला हाका मारल्या. साडेदहाला प्रकाशरावांचा मोबाइलवर फोन आला. मी तो उचलला नाही.

पुढच्या रविवारी ते स्वतःच टेप घेऊन आले. तार मोजली. एकेक तुकडा पावणेअकरा मीटर भरला.

"मोजलीत कशी?"

मी हातानं करून दाखवलं. दर मीटरला चार बोटं जास्त. कापड कमी भरलं अशी तक्रार यायला नको, म्हणून हात सैल सोडायची आमची बाजारातली सवय.

प्रकाशरावांनी टेप गुंडाळली. मग म्हणाले, "इथं गिऱ्हाईक कोण होतं?"

जास्तीची तार कापायला त्यांनी पक्कड मागितली. ती घेऊन मी वर येईपर्यंत बायकोनं तारेवर पुन्हा तीन साड्या घातल्या होत्या. त्या काढ म्हणायची हिंमत मला आजतागायत झालेली नाही.