परसातल्या चुलीचा धूर

त्या दिवशी चहा मी मागितला होता. एवढं एक वाक्य कोर्टात बोलायला हवं होतं, ते मी बोललो नाही. आता बोललो आहे, पण फार उशिरा, आणि बोललो तेही पुरतं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

ती माझ्या पुतण्याची बायको. आज फाशीची शिक्षा झालेली कैदी म्हणून पुण्याच्या तुरुंगात आहे. आमची फुलशेती. शेवंती, झेंडू, थोडा मोगरा. पहाटे माल पंचवटीत न्यायचा आणि ऊन चढायच्या आत परतायचं, असं आयुष्य गेलं. थोरला भाऊ वारल्यावर घरात वडीलधारा मीच. भावकीत तंटा असो की सोयरीक, लोक मला पुढे बसवायचे. त्या पुढे बसण्याची मला फार सवय झाली होती.

तिने माझ्या पुतण्याला आणि त्याच्या आईला, म्हणजे माझ्या वहिनीला, फवारणीचं औषध जेवणातून दिलं. याबद्दल शंका नको. ती निर्दोष आहे असं मला म्हणायचं नाही, तीही म्हणत नाही. मूल होत नव्हतं. घरात रोजची बोलणी. पुतण्यासाठी दुसरी मुलगी बघायला जी माणसं हरसूलला गेली होती, त्यांत मी होतो. तिथे चहा-पोहे झाले आणि परत आल्यावर हिनेच आम्हाला पाणी दिलं. पण कारणं सांगितली म्हणून गेलेली माणसं परत येत नाहीत, हे तिचंच म्हणणं आहे.

मायलेक गेले त्या दिवशी कोणाला हिचा संशय नव्हता. भाजीवरच्या औषधाने विषबाधा झाली असेल, असंच सगळे धरून चालले होते. सरकारी दवाखान्यातून दोन्ही प्रेतं घरी आणली आणि अंगणात ठेवली. वहिनीच्या माहेरची माणसं पेठकडून यायची होती, त्यांच्यासाठी थांबलो होतो. आमच्याकडे प्रेत दारात असेपर्यंत घरात चूल पेटत नाही. सगळं उरकून आल्यावर भाऊबंद आपापल्या घरून पिठलं-भाकरी आणतात, तोवर कोणी काही मागत नाही. लहान पोरांना शेजारी नेऊन खाऊ घालतात. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. दुसऱ्यांना शिकवणारा मीच.

मी रात्रभर दवाखान्यातल्या बाकावर बसून होतो. डोकं ठणकत होतं. लोकांतून उठून मी परसात गेलो. ती न्हाणीच्या भिंतीला टेकून एकटीच बसली होती.

"पोरी, घोटभर चहा टाक," मी म्हणालो.

तिने वर पाहिलं. "आत्ता?"

"डोकं उठलंय माझं. कोणाला कळायचं नाय."

स्वयंपाकघरात बायका बसलेल्या, तेव्हा गॅसकडे जाता येईना. तिने अंघोळीचं पाणी तापवायची परसातली चूल पेटवली. काटक्या दमट होत्या, धूर झाला. मी आडोशाला उभं राहून चहा घेतला, मिशा पुसल्या आणि पुढे येऊन प्रेतांजवळ बसलो. तोवर धूर कौलांवरून अंगणात उतरला होता.

"मागं चूल कुणी पेटवली रं?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

एकजण जाऊन डोकावून आला. "सूनबाई हाय. चहा करतीय."

"नवऱ्याचं मढं दारात आन् हिला चहा सुचतोय."

मी मान खाली घातली. तोंडात अजून चहाची चव होती. मग "मी बघतो" म्हणून उठलो, मागे गेलो आणि तिला चूल विझवायला सांगितली. लोकांना वाटलं, मी तिला झापायला गेलो.

हे असं, याच शब्दांत, मी तिच्या आताच्या वकीलबाईंना लिहून दिलं आहे. ते का द्यावं लागलं, ते सांगतो.

पुढे तपासणीचा अहवाल आला, तिला धरून नेलं, खटला उभा राहिला. मला साक्षीला बोलावलं. सरकारी वकील हुशार माणूस. त्याने विचारलं, प्रेतं दारात असताना आरोपीने चूल पेटवली का? मी म्हणालो, हो. चहा केला का? केला. तुमच्यात अशी रीत आहे का? नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं का? मी म्हणालो, मी पाहिलं नाही. तिच्या वकिलाने मला फक्त माझी नजर कशी आहे आणि अंगणातून परस दिसतो का, एवढं विचारलं. चहा कोणासाठी केला, हे कोणीच विचारलं नाही. कोणाच्या मनातच आलं नसेल. भावकीतला पुढे बसणारा माणूस, दारात दोन मढी असताना चहा मागेल, हे कोणाच्या मनात येणार?

मी पिंजऱ्यातून उतरलो तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. मी चपला शोधत राहिलो.

खून सिद्धच होता. पण फाशी द्यायची की जन्मठेप, या ठिकाणी तो चहा आला. नवरा आणि सासू दारात पडलेले असताना जिला चूल पेटवून चहा करावासा वाटतो, तिला पश्चात्ताप कसला, अशा अर्थाचं निकालात होतं. पेपरात तेवढंच मोठ्या अक्षरात आलं. वरच्या कोर्टांतही ते तसंच राहिलं. बाजारात फुलांच्या पाट्या उतरवताना लोक बोलायचे, "मढ्यावर चहा पिणारी बाई तुमच्याच घरातली ना, आबा?" मी म्हणायचो, "हो, बाबा, आमचं नशीब." तिने त्या चहातला थेंबही घेतला नव्हता.

तिची आई होती तोवर ती तिला भेटायला जायची. आई वारल्यावर कोणी उरलं नाही, तेव्हा मी जायला लागलो. इंदिरानगरला राहणाऱ्या माझ्या मुलाला मी सांगितलं, माणुसकी म्हणून जातो. ते खोटं होतं. तिला तो चहा आठवतो का, तिने कोणाला सांगितलाय का, हे मला बघायचं होतं.

मध्ये काच असते, फोनवर बोलायचं. पहिल्या भेटीत ती शेवंतीबद्दल विचारत राहिली. कळी धरली का, करपा आला का, पंचवटीत आता कोण बसतं. मी उत्तरं देत राहिलो. हळूहळू ती तिथलं सांगायला लागली.

"इथं मला काम नाय देत, आबा. बाकीच्या बाया शिवण करतात, पापड करतात. फाशीवालीला काम नसतं. दिवसभर हातांचं काय करावं, ते कळत नाय."

"मग काय करतेस?"

"साडीचे धागे काढते न् गजऱ्याच्या गाठी मारते. फुलं नायत, नुसत्या गाठी. संध्याकाळी मॅडम येते न् दोरा घेऊन जाते. मी गळ्याला लावून घेईन म्हणून." ती हसली. "मी मरू नये म्हणून लय काळजी घेतात."

मला हसता येईना. तिला ते कळलं आणि ती आणखी हसली.

एकदा म्हणाली, आल्यापासून तिने जाळ पाहिलेला नाही. जेवण बाहेरून येतं, चहा बादलीतून येतो, कोमट. "बाईमाणसाचा जन्म चुलीपुढं जातो, तेव्हा नको नको होतं. आता सपनात नवरा येत नाय, सासू येत नाय. चूल येते. पेटत नाय, मी फुंकत बसते." मग म्हणाली, "त्यांनी यायला पायजे खरं तर. मी वाट बघते. आली तर पाया तरी पडेन."

ज्या बाईला पश्चात्ताप नाही असं निकालात लिहिलंय, ती हे बोलत होती.

शेवटी मी विचारलंच. "तो चहा मी मागितला, हे तू वकिलाला का नाय सांगितलं?"

"कोण खरं मानणार? लोक म्हणले आसते, दोन जीव घेतले न् आता म्हाताऱ्याची आब्रू पण घेती." मग म्हणाली, "आन् सून सासऱ्याला कोर्टात उघडं पाडती का कधी? खुनी झाले म्हणून सून नव्हते का मी?"

परतताना गाडीत मी डोळे मिटून बसलो, शेजारच्याने तोंड बघू नये म्हणून.

आता दयेचा अर्ज करायचा होता, तो शेवटचा. तिची नवी वकीलबाई तरुण आहे. तिने मला नाशिकला येऊन सांगितलं, तिच्या बाजूने बोलणारं घरातलं एकही माणूस नाही, तिला पश्चात्ताप आहे असं दाखवणारं काही असेल तर सांगा. मी म्हणालो, आहे.

मुलाने मला बाजूला घेतलं. "आबा, खून तिने केलाच ना? मग चहा कोणी मागितला, याने काय फरक पडतो?"

"फाशी न् जन्मठेप, एवढा पडतो."

"आणि आपल्याला तोंड दाखवायला जागा राहील का?"

"मला नाही राहणार. तू नव्हतास परसात."

मी लिहून दिलं. भावकीत कळलं. आता लग्नाच्या बैठकीला मला निरोप येत नाही. ते बरंच आहे. पुढे बसलं की मला धूर दिसायचा.

अर्ज गेल्यावर मी तिला भेटायला गेलो. थोडा ताठच गेलो असेन. तिने विचारलं, "काय काय सांगितलं?" मी सगळं सांगितलं. मागितला, तू चूल पेटवलीस, मी प्यालो, लोक बोलले, मी मागे आलो आणि चूल विझव म्हणालो.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "चूल विझव कधी म्हणले तुम्ही?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दुसरा कप कुणी घेतला मग, आबा?"

ती रागाने म्हणाली नाही. जेवताना भाजीत मीठ कमी आहे, असं सून सांगते तसं म्हणाली. आणि मी, ज्याने खरं सांगायला सगळी अब्रू सोडली असं मी समजत होतो, तो काचेपुढे घामाने भिजलो. खोटं सांगायचं मी ठरवलं नव्हतं. इतकी वर्षं स्वतःशी घोकत आलो होतो, मागे गेलो, चूल विझव म्हणालो; ते मला खरंच वाटायला लागलं होतं.

घरी येईपर्यंत सगळं आठवलं. लोक बोलले ते ऐकून मी उठलो, मागे गेलो. आधीचा चहा घाईत घेतलेला, डोकं उतरलं नव्हतं. चूल पेटलीच आहे, तेव्हा आणखी एक घ्यावा असं वाटलं. "आहे का उरलेला?" मी विचारलं. ती म्हणाली, आहे. "मग आलं टाक थोडं."

तिने दगडाने आलं ठेचलं. आलं दोनदा खाली मातीत पडलं. तिने ते धुतलं आणि परत ठेचलं. पदर तोंडात धरला होता, आवाज होऊ नये म्हणून. चहा गाळताना तिच्या हनुवटीवरून पाणी टपकत होतं आणि मला वाटलं, कपात पडेल. मी कप बाजूला ओढला.

कोर्टात मला विचारलं होतं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं का. होतं. मी पाहिलं होतं.

वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अर्जाला पुरवणी जोडता येते का बघते, तुम्ही या. उद्या जातो.