मोहाच्या दिवसांतला रिकामा वॉर्ड

"पेशंट कुठे आहेत?" नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी दारातूनच विचारलं. वॉर्डात एकटी रखमा चटई विणत बसली होती.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं होत आली होती. चांद्याच्या एका दवाखान्यात 'डे वॉर्ड'चा प्रयोग चालू होता. राग, रडू, भीती ज्यांना आवरतच नाही अशा मोठ्या माणसांनी सकाळी यायचं, मिळून बोलायचं, काहीतरी विणायचं, संध्याकाळी घरी जायचं. कोंडून ठेवायचं नाही. याचा उपयोग होतो का, ते तपासायला मला पाठवलं होतं. मी सोशल वर्कर. कडक इस्त्रीचं पातळ, आणि माझ्या रिपोर्टवाचून सरकारला झोप लागत नसणार अशी ठाम समजूत.

मोह फुलला आणि एक रखमा सोडली तर वॉर्ड ओस पडला. मी घाबरून गावं पालथी घातली. सगळे जंगलात सापडले, घरच्यांबरोबर मोहफुलं वेचताना. रागाच्या भरात स्वतःच्याच घराच्या छपराची कवेलू फोडणारी काशी सासूशेजारी वाकली होती. येत का नाहीस, मी विचारलं.

"मोह काय माह्यासाठी थांबते, बाई?"

सासू म्हणाली, "मांगच्या साली हिले कोनी संगं नेत नोतं. औंदा मीच आणलं."

झालं, माझं इव्हॅल्युएशन तिथंच संपलं. घरानं पुन्हा सोबत घेतलं, याहून बरं होणं ते काय? रखमाला मात्र अजून कोणी नेत नव्हतं. वॉर्डाची गरज आता तिला होती. आनंदाच्या भरात मी बावळटीनं नागपूरच्या डॉक्टरसाहेबांना तार ठोकली, लगेच या.

ते आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे बरे झालेले येत नाहीत, आणि येते ती बरी नाही. मग दाखवू काय वर?"

"सर, ते इथं येत होते म्हणूनच तर..."

"एका बाईसाठी वॉर्ड चालत नसतो."

वॉर्ड बंद झाला. रखमाचा भाऊ म्हणाला, दिवसभर हिच्यावर नजर कोण ठेवणार? साहेबांनी तिला नागपूरच्या पागलखान्यात जागा करून दिली. मोटारीत बसताना तिनं मला विचारलं, "सांजीले वापस आणून सोडते ना, बाई?"

मी पदर सारखा करत राहिले.

ती परत आली नाही. माझ्या रिपोर्टच्या इंग्रजीची तेवढी तारीफ झाली, आणि बढतीही मिळाली.

नव्या पोरी सल्ला मागायला येतात. मी सांगते, काम खरंच झालं असेल तर साहेबाला बघायला बोलावू नका.