साहेबांची खोली

भावाकडे कुठं बाहेरगावी जायचं निघालं, की दोन गोष्टी आधी ठरत. तिकिटं आणि ताई. तिकिटं मिळतील की नाही याची धाकधूक असे, ताईची नसे. ‘ताई आहे ना,’ एवढं भाऊ म्हणे, आणि गॅस बंद केला का, नळ बंद केला का, त्याच दमात ताईही उरकून जाई.

ताई म्हणजे बालवाडीच्या बाई. बाईंनी उभा जन्म लोकांच्या पोरांची नाकं पुसली, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि ‘आई येणारेय हं’ हे वाक्य हजारदा म्हटलं. लग्न झालं नाही. आधी आईचं आजारपण होतं, मग वडिलांचं, आणि मग कुणी विचारलंच नाही. धाकट्या भावाचं मात्र शिक्षण वेळेवर झालं, नोकरी वेळेवर लागली, लग्नही वेळेवर झालं. घरातलं एक माणूस मागं थांबलं, की बाकीच्यांना वेळेवर पोचता येतं.

आईवडिलांमागं राहतं घर विकायचं ठरलं, तेव्हा सही घ्यायला भाऊ स्वतः आला होता. नव्या फ्लॅटचा नकाशा त्यानं टेबलावर पसरला आणि मागच्या खोलीवर बोट ठेवलं. “ही तुझी, ताई. खिडकी पूर्वेला आहे. तुला सकाळचं ऊन आवडतं ना?” आपल्याला काय आवडतं हे याच्या अजून लक्षात आहे, एवढ्यावरच बाई विरघळल्या. त्यांनी सही केली. नव्या घरी भाऊ, भावजय, भाची असे सगळे राहायला गेले, आणि ‘जरा घर लागू दे, मग तू ये’ असं ठरलं.

घर लागलं, आणि मागच्या खोलीत कुत्रा आला. भाचीनं हट्ट धरला होता. चांगला थोराड, केसाळ, लाडावलेला कुत्रा, नाव ‘साहेब’. साहेबांना उकाडा सोसेना, म्हणून त्या खोलीत एसी बसला. साहेबांना दुसरीकडे झोपवलं तर ते रडून रडून इमारत डोक्यावर घेत. बाईंनी एकदा चाचरत विषय काढला, तर भाऊ म्हणाला, “अगं, तो तिथून हलला की खोली तुझीच आहे. पण त्याला कोण समजावणार, सांग?”

याला कोपराला गूळ लावणं म्हणतात. कुणालाही कळलं असतं. बाईंना कळलं नाही, कारण त्यांचं आयुष्य बालवाडीत गेलेलं. तिथं मूल म्हणालं भूक लागली, तर त्याला भूकच लागलेली असते. सबब नावाची चीज तिथं पोचलेलीच नसते. ‘कोण समजावणार’ हा भावाचा प्रश्न बाईंनी खरोखरीचा प्रश्न समजून मनात ठेवला, आणि निवृत्त झाल्या त्या महिन्यात उत्तर शोधायला घेतलं.

घाईही होती. त्या राहायच्या नोकरदार बायकांच्या वसतिगृहात, तिघींच्या खोलीतल्या खिडकीकडच्या कॉटवर. नोकरी संपली तशी तिथली व्यवस्थापिका गोड आवाजात म्हणाली, “बाई, तुम्ही जुन्या म्हणून महिनाअखेरपर्यंत सांभाळून घेते. पण नियम नियम आहे.” नेमकं त्याच आठवड्यात भावाचं सहलीचं ठरलं. यंदा मुक्काम लांबलचक होता. बाईंना वाटलं, देव पावला.

मंडळी गेली, बाई घर सांभाळायला येऊन राहिल्या. साहेब दाराशी भावाच्या चपलेवर हनुवटी टेकून पडले आणि असे सुस्कारे सोडू लागले, की येणाऱ्याला वाटावं घरात कुणी वारलंय. बाईंनी आधी त्यांना रडू दिलं. बालवाडीच्या पहिल्या दिवशी जे पोर रडत नाही त्याचीच काळजी करायची असते, हे त्यांना ठाऊक होतं. घरात एक बोकाही होता. त्याला करमण्याशी देणंघेणं नव्हतं. झाकणाला भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका आणि आत एक चेंडू मिळाल्यावर त्यानं बाईंचं तोंडही पाहिलं नाही.

मग कामाला सुरुवात झाली. जुन्या टॉवेलच्या घड्यांत बिस्किटाचे तुकडे लपवून त्याची गुंडाळी करायची आणि साहेबांनी ती नाकानं उलगडायची. मोज्यांच्या गाठी मारायच्या, त्यांनी सोडवायच्या. तीन वाट्या पालथ्या घालायच्या आणि खाऊ कुठल्या वाटीखाली, ते ओळखायला लावायचं. साहेब कधीच नीट ओळखत नसत, पण तिन्ही वाट्या उधळून देण्यात त्यांना भारी मौज वाटे. लपाछपी तर रोजचीच. साठीच्या बाई पडद्यामागं श्वास रोखून उभ्या आणि बाहेर हा एवढा मोठा प्राणी सोफ्याखाली त्यांना शोधतोय, असा तो खेळ चाले. सापडल्या की साहेब दोन्ही पाय त्यांच्या खांद्यावर टाकत. गुडघे ठणकत, पण इतक्या आनंदानं त्यांना आजवर कुणी शोधलं नव्हतं.

यातली मेख अशी, की सगळे खेळ फक्त हॉलमध्ये. मागच्या खोलीत काही नाही. तिथं बोलणंसुद्धा नाही. आणि साहेबांची गादी रोज वीतभर दाराकडे सरकवायची. हट्टी पोराला दप्तरासकट उचलून बाकावर बसवलं तर ते आकांत करतं. बाकच हळूहळू जवळ आणला तर आपण कधी बसलो हे त्यालाही कळत नाही. चौकटीशी येऊन गाडी अडली. पुढचे पाय पॅसेजमध्ये, मागचे खोलीत, अशा अवस्थेत साहेब उभेच राहिले. बाईंनी स्वतःची जुनी शाल गादीत घातली आणि पॅसेजमध्ये फरशीवरच बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं साहेबांनी उरलेलं अंग बाहेर ओढलं आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. बाईंना त्या क्षणी आपलीच लाज वाटली. आपण गोड बोलून एका बिचाऱ्याला त्याच्या खोलीतून काढतोय, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण मग महिनाअखेर आठवली, आणि दुसऱ्या दिवशी गादी आणखी सरकली.

संध्याकाळी कॅमेरा बोलायचा. साहेबांवर नजर ठेवायला भावानं मागच्या खोलीतल्या फळीवर एक कॅमेरा बसवला होता, त्यातून तिकडची मंडळी बघायची आणि बोलायचीही. गादी हॉलमध्ये आल्यावर बाईंनी तोही हॉलमध्ये आणून ठेवला. आवाज आला, की बाई लगबगीनं केस सारखे करून समोर येत.

“ताई, जरा बाजूला हो ना,” भाऊ म्हणे. “तो दिसत नाहीये.”

बाई बाजूला होत. भाची मागून ओरडे, “आत्या, ते पडद्यामागं लपायचं परत कर ना! इथं सगळे बघतायत!” सगळे म्हणजे कोण, हे बाईंनी विचारलं नाही. त्या पुन्हा लपत. तिकडं हास्याचा गडगडाट होई. ते साहेबांना हसत होते की आपल्याला, ही शंका बाईंना यायला हवी होती, पण आली नाही. इतक्या लांबून रोज फोन करतात बिचारे, एवढंच त्यांच्या मनात येई. माणूस उपाशी असलं की त्याला शिळ्याचंही कौतुक वाटतं, त्यातली गत.

गादी हॉलच्या कोपऱ्यात पक्की झाली आणि साहेब तिथं ढाराढूर घोरायला लागले, त्या संध्याकाळी बाईंनी धीर केला. कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, “हे बघ, हा आता इथंच झोपतो. मागची खोली मोकळी झालीय.”

“काय सांगतेस!” भाऊ म्हणाला. “कमाल आहे तुझी.”

“एक सांगू का? एकटं राहणं वाईट रे. तुम्ही दिवसभर बाहेर, घर रिकामं. घरात कायमचं कुणीतरी हवं.”

तिकडं थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग भाऊ म्हणाला, “तेच बोलत होतो आम्ही. तू अगदी मनातलं बोललीस. आलो की त्याचंच करायचंय. हिनं तर ठरवूनच टाकलंय.”

“खरंच?” बाई कॅमेऱ्याच्या आणखी जवळ सरकल्या.

“अगं, आल्यावर बघच तू.”

एवढं पुरलं. कुणी म्हणेल, नीट विचारून घ्यायचं ना! पण सख्ख्या भावाला ‘म्हणजे नक्की काय’ असं कोण विचारतं? बाईंनी दुसऱ्याच दिवशी मागची खोली धुवायला काढली. फरशी घासली, कोपऱ्यांतले केस चिमटीनं वेचले, वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा पुसली, खिडकीच्या काचा वर्तमानपत्रानं लख्ख केल्या. कॉट कुठं बसेल ते हातांनी मोजून पाहिलं. मग त्या वसतिगृहात गेल्या आणि ताठ मानेनं व्यवस्थापिकेला म्हणाल्या, “महिनाअखेरची वाट कशाला? भावानं बोलावलंय. घरचीच खोली आहे.” व्यवस्थापिकेनं त्यांच्या देखतच कॉटवरची गादी उलटी केली. दोन बॅगा, एक पेटी आणि पोरांनी कधीकाळी काढून दिलेल्या चित्रांची एक गुंडाळी, एवढाच संसार. रिक्षावाल्यानं तो वरपर्यंत पोचवला, आणि बाईंनी मागच्या खोलीत दाराआड नीट रचून ठेवला. सकाळी ऊन आलं, तेव्हा त्या तिथं मोकळ्या फरशीवर चहाचा कप घेऊन बसल्या. बऱ्याच वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

मंडळी आली ती दुपारी. साहेबांनी घर डोक्यावर घेतलं, बोका खोक्यातून डोकावून परत आत गेला. बाई चहा टाकायला वळल्या, तेवढ्यात भाचीनं हातातली टोपली खाली ठेवून झाकण उघडलं. आतून मुठीएवढं डोकं बाहेर आलं. भुरकट, डोळे किलकिले, अंगभर थरथर.

“सरप्राइज!” भाची ओरडली.

“साहेबाला सोबत,” भाऊ म्हणाला. “तूच म्हणालीस ना, कायमचं कुणीतरी हवं. तिथं एकाकडं फार चांगली पिल्लं होती.”

बाईंच्या हातात गाळणं होतं, ते हातातच राहिलं. भावजय पिल्लाला छातीशी धरून थेट मागच्या खोलीत गेली. मोठ्या कुत्र्याजवळ लगेच ठेवायचं नसतं म्हणे, सवय होईपर्यंत वेगळी खोली लागते. “अगं बाई, कसली लख्ख केलीय खोली!” तिचा आवाज आला. “बघा हो, किती मनापासून करतात ताई!” मग थोडं थांबून, “ताई, हे दाराआडचं सामान तुमचं का? तेवढं बाहेर घ्याल? पिल्लू कुरतडेल हो, उगीच.”

भाऊ बाईंच्या मागोमाग पॅसेजमध्ये आला होता. त्यानं बॅगा पाहिल्या. पेटी पाहिली. चित्रांची गुंडाळी पाहिली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्याला सगळं कळलंय. आत्ताच नव्हे, त्या संध्याकाळीही कळलं होतं. कॅमेऱ्याच्या पलीकडं तो गप्प बसला होता, तो त्यासाठीच. ज्याला आपण कडेवर घेऊन वाढवलं त्यानं विचार करायला थोडा वेळ घेतला आणि मग आपल्या तोंडाला पानं पुसली, हे बाईंना तिथं उभ्या उभ्या उमगलं. राग आला, पण तो यायला इतका उशीर झाला होता की त्याचं काय करायचं ते त्यांना सुचेना.

“पिल्लू मोठं होईपर्यंत गं,” भाऊ फरशीकडं बघत म्हणाला. “मग याचंही तू साहेबासारखंच करशील. तुला जमतं ते.”

बाईंनी बॅगा एकेक करून बाहेर ओढल्या. मदतीला कुणी आलं नाही, कारण पिल्लानं फरशीवर शू केली होती आणि सगळे तिकडं धावले होते. हॉलमध्ये बॅगा ठेवायला कोपरा एकच, आणि तिथं साहेबांची गादी. बाईंनीच ती तिथं आणली होती. साहेब गादीवर लोळत त्यांच्याकडे बघून शेपटी आपटत होते. बाईंनी बॅगा सोफ्यामागं, जाण्यायेण्याच्या वाटेत ठेवल्या.

“राहशील ना चार दिवस?” भावानं विचारलं. “हे जरा रुळेपर्यंत?”

वसतिगृहातल्या कॉटवर एव्हाना दुसरी कुणी झोपली असेल. बाईंना जायला जागा नव्हती. त्या “राहीन” म्हणाल्या.

भावजय तेव्हा फोनवर आपल्या बहिणीशी बोलत होती. “अगं, ताई आहेत ना,” ती कौतुकानं सांगत होती, “सामानसुमान घेऊनच आल्यात. जनावरांचा इतका लळा आहे त्यांना, पायच निघत नाही बघ इथून.”