खारपाणपट्ट्यातली वांगी

"यंदा पंगतीले वांगे आपल्याच गावचे. पाहाले ये वं!" बाळापूरजवळ दिलेल्या माझ्या मामेबहिणीचा, सुनंदाचा फोन आला आणि मी पुण्याहून निघालेच. खारपाणपट्ट्यात वांगी! तिथं विहिरीचं पाणी खारट, सारी भिस्त शेततळ्यात साठलेल्या पावसावर. मारुतीपुढच्या रोडग्यांच्या पंगतीला वांगी कायम अकोल्याहून येत. यंदा ती गावातच पिकवून दाखवीन, अशी सुनंदाबाईंनी भर ग्रामसभेत पैज लावली होती, आता नाक पणाला होतं.

रेल्वेनं अकोला, स्टेशनबाहेर गरम आलुबोंडा, मग बाळापूरची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, सोडू नका. पुढे काळीपिवळी जीप. शेवटचा रस्ता पाठीची परीक्षा घेतो, पण हिवाळ्यात जाल तर दोन्हीकडे हिरवागार हरभरा दिसेल.

शेततळं पाच घरांचं. पाणी किती, कोणाचं पीक काय, हे बसून ठरवतात आणि प्रत्येकानं आपल्या पाळीत पाणी कुठवर उपसायचं, त्याची खूण तळ्यातल्या दगडावर रंगवतात. मागे एकदा सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या, तर तळाचं खारं पाणी वर आलं आणि सगळ्यांचीच पिकं बसली. तेव्हापासून खूण म्हणजे खूण.

मी पोचले त्या संध्याकाळी पाणी सुनंदाच्या खुणेला टेकलं. वांग्याच्या शेवटच्या ओळी कोरड्याच होत्या.

"चालू दे की जरा," मी म्हटलं.

"काहून? खालचं पाणी नामदेवकाकाचं हाये." तिनं मोटार बंद केली. तोंड एवढंसं झालं होतं.

पैजेला सगळ्यात जास्त हसलेले हे नामदेवकाका बांधावरच उभे होते. "सूनबाई, माह्या हरभऱ्याचे घाटे भरले. मले आता पाणी नाई लागत. तू घे."

"अन् मंग पंगतीत हसान कोणाले?"

"या पुण्याच्या पावनीले!"

मोटार पुन्हा सुरू झाली. मी रविवारच्या पंगतीपर्यंत मुक्काम वाढवला आणि बरं केलं. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, त्यावर तूप आणि सुनंदाच्या वांग्यांची झणझणीत भाजी. वाढायला स्वतः काका. "घ्या, वांगे आपल्या गावचे!" असं ओरडून त्यांचा घसा बसला. सुनंदा हसत होती, डोळे पुसत होती. मला तर अभिमानानं जेवण जाईना, तरी तीन वेळा भाजी घेतली.

घरी परतले तर सोसायटीत टँकरवरून नेहमीचं भांडण, पहिली टाकी कोणाची? देशातल्या नद्या जोडायच्या गप्पा मारणारे आम्ही, दोन विंगांचं जमत नाही. मी पुढे झाले. "आमच्या विंगला आहे ते पाणी आज पुरेल. आधी बी विंग भरा."

मग बी विंगच्या सेक्रेटरीबाई हळूच म्हणाल्या, "अर्धा टँकर बास आम्हाला."